मोठ्या माणसांना इंग्रजी व्याकरण शिकवायचंय? सुरुवात त्यांच्या मराठीपासून करा

माझ्या पहिल्या वर्गाला मी बारा काळांचा तक्ता घेऊन गेले होते. कार्डशीटवर, तीन रंगांत, रात्री बारापर्यंत जागून केलेला. समोर चौदा जण. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असलेले काका, दोन नर्स, एका सोसायटीचा सुपरवायझर, मुलांना इंग्रजी माध्यमात घातलेल्या तीन आया, आणि मुलाखतीत अडकणारी पदवीधर पोरं. तासाभरात मी सिंपल प्रेझेंटपासून फ्युचर परफेक्ट कंटिन्युअसपर्यंत सगळं सांगून टाकलं आणि सगळ्यांनी ते मुकाट्याने उतरवून घेतलं. निघताना काका दारात थांबले आणि धीर करून म्हणाले, 'मॅडम, टुडे यू डिड नॉट टोल्ड हाउ टू स्पीक.'

तक्रार शंभर टक्के खरी होती. घरी जाताना मात्र ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. हे काका शाळेत इंग्रजीत पास झालेले, रोज ईमेल वाचणारे. तरी 'डिड नॉट टोल्ड' का? स्टेशनपर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं की मराठीत ते बरोबर आहेत. 'तुम्ही सांगितलं नाही.' आपल्याकडे 'सांगितलं' भूतकाळातच राहतं, शेजारी फक्त 'नाही' येऊन बसतं. काकांनी तोच साचा घेतला आणि त्यात इंग्रजी शब्द ओतले.

त्या दिवसापासून मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या चुका वहीत लिहायला लागले. पुढे जे सांगतेय ते त्या वहीतून आलेलं आहे. नव्याने शिकवायला लागलेल्यांनी जमेल तसं उचलावं.

समोर कोण बसलंय

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे साधारण १९९४ च्या आधी जन्मलेला, मराठी शाळेतला विद्यार्थी तुमच्या वर्गात असेल, तर त्याची ए-बी-सी-डीशी ओळख दहाव्या वर्षी झालेली असणार, आणि तीसुद्धा मार्कांचा विषय म्हणून. 'डू ॲज डायरेक्टेड' हा प्रश्न त्याला अजून आठवतो. 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर... दॅन' घाल म्हटलं की तो घालतो. 'रिमूव्ह टू' म्हटलं की काढतो. पण 'चहा झाला का?' हे इंग्रजीत विचारायची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते.

म्हणून हा वर्ग कोऱ्या पाटीचा नाही. व्याकरण त्यांनी ऐकलेलं असतं, नावंही माहीत असतात. कधी कधी ती तुमच्यापेक्षा चांगली पाठ असतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्यांना व्याख्या नकोय. तोंडातून वाक्य बाहेर पडताना कुठे अडतं, ते कुणीतरी दाखवायला हवंय.

तुमचीही तयारी त्याच मापाची ठेवा. सगळं व्याकरण यायलाच हवं असं नाही. आठ-दहा गोष्टी अशा पक्क्या करा की झोपेतून उठवलं तरी मराठीत दोन मिनिटांत सांगता येतील. बाकीचं शिकवता शिकवता येतं.

पहिले दोन तास: ऐका आणि लिहून घ्या

चाचणीचा पेपर काढू नका. पेपर म्हटलं की मोठ्या माणसाच्या पोटात गोळा येतो आणि तो येईल तेवढंच लिहितो. त्यापेक्षा तीन गोष्टी बोलायला लावा. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं. घरात कोण कोण आहे आणि काय करतं. उद्या अचानक सुट्टी मिळाली तर काय कराल. प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं. आधी विचारून फोनवर रेकॉर्ड करा, ते नंतर फार उपयोगी पडतं. मध्ये एकही चूक काढू नका. चेहऱ्यावरही नको.

घरी बसून वाक्यं जशीच्या तशी उतरवा. वहीच्या पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात त्यांचं वाक्य, दुसऱ्यात त्यामागे दडलेलं मराठी वाक्य, तिसऱ्यात इंग्रजी तिथे काय वेगळं करतं ते. दुसरा रकाना भरताना मजा येते. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे विचित्र वाक्य 'मला दोन भाऊ आहेत'मधल्या 'आहेत'मुळे तयार झालंय, असं एकदम दिसतं.

त्यात एक चाळणी लावा. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली एक फरक सांगितला होता, तो शिक्षकाला रोज लागतो: जीभ घसरल्याने झालेली चूक वेगळी आणि मनातल्या नियमातूनच आलेली चूक वेगळी. ओळखायचं कसं? 'परत एकदा म्हणता?' असं विचारायचं. दुसऱ्या वेळी माणसाने आपणच दुरुस्त केलं, तर त्याला नियम शिकवू नका, सराव द्या. तेच वाक्य ठामपणे परत आलं तर ते तुमच्या धड्यात घ्या.

कोणत्या क्रमाने

शाळेत सिंपल प्रेझेंट पहिला, म्हणून आपणही तिथूनच सुरू करतो आणि 'शी गो' की 'शी गोज' यात महिना घालवतो. तो महिना वाया जातो. बेली, मॅडन आणि क्रॅशन यांनी १९७४ साली वेगवेगळ्या मातृभाषांच्या प्रौढ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यात क्रियापदाला लागणारं 'इंग' लवकर अंगवळणी पडतं आणि तिसऱ्या पुरुषाचा 'स' फार उशिरा, असं दिसलं. माझा अनुभवही तोच. 'शी गो' म्हटल्याने कुणाची नोकरी जात नाही. ऐकून सोडा, वेळ येईल.

माझा क्रम असा ठरत गेला: आधी 'मला' आणि 'आहे'. मग नकार आणि प्रश्न. मग कालच्या गोष्टी सांगणं. मग 'हॅव', 'सिन्स', 'फॉर'. शेवटी 'तर' आणि विनंत्या. 'अ' आणि 'द' हा वेगळा धडा करायचा नाही, तो मिठासारखा रोज थोडा.

'मला'चा धडा

हा मी पहिल्याच आठवड्यात घेते, कारण पहिला आठवडा संपताना माणूस काहीतरी घेऊन घरी जायला हवा.

फळ्यावर मराठी वाक्यं लिहा. मला चहा आवडतो. मला वाटतं. मला माहीत आहे. मला पोहता येतं. मला सुट्टी पाहिजे. मला भूक लागली. मला ताप आहे. मला दोन भाऊ आहेत. मग विचारा, या सगळ्यांत सारखं काय? 'मला', असं कुणीतरी म्हणतंच. आता सांगा की इंग्रजीत या प्रत्येक 'मला'चा 'आय' होतो. आय लाइक टी. आय थिंक. आय नो. आय कॅन स्विम. आय वाँट अ डे ऑफ. आय ॲम हंग्री. आय हॅव अ फीवर. आय हॅव टू ब्रदर्स.

मराठीत आवड, भूक, ताप, ज्ञान हे सगळं माणसाकडे येतं, माणूस नुसता 'मला' म्हणून बसलेला असतो. इंग्रजीत माणूस पुढे येऊन ते स्वतः करतो किंवा बाळगतो. एवढं कळलं की 'टू मी इज फीवर' किंवा 'मी लाइक'सारखी वाक्यं आपोआप कमी होतात. 'माझ्याकडे गाडी आहे', 'माझं दुकान आहे', 'मला वेळ आहे' ही तिन्ही 'हॅव'मध्ये जातात हेही याच तासात दाखवा.

दुसऱ्या दिवशी 'आहे'. 'आय ॲम वर्क इन अ हॉस्पिटल' हे आपल्या वर्गात सर्वात जास्त ऐकू येणारं वाक्य. कारण सोपं आहे. शाळेत पहिलं वाक्य 'आय ॲम अमुकतमुक' शिकवलं जातं आणि 'आय ॲम' हे दोन शब्द डिंकाने चिकटल्यासारखे होतात. फळ्यावर दोन चौकोन काढा. एकात 'मी नर्स आहे', 'मी घरी आहे', 'मी आजारी आहे'. दुसऱ्यात 'मी काम करते', 'मी चिंचवडला राहते', 'मी सातला उठते'. दुसऱ्या चौकोनात 'आहे' दिसतंय का? नाही. मग 'ॲम'ही नाही. मराठी वाक्य बोटाने तपासायची ही सवय त्यांना फार आवडते, कारण त्यात त्यांना सगळं येत असतं.

आता ही युक्ती जिथे फसते ती जागाही लपवू नका. 'मी दमले'मध्ये 'आहे' नाही, तरी इंग्रजीत 'आय ॲम टायर्ड'. एका नर्सताईंनी हे दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं आणि वर्गात माझी विकेट घेतली.

एक तास मिनिटामिनिटाने: 'डिड'

नव्या शिक्षकाला सर्वात जास्त भीती असते ती साठ मिनिटं भरायची. म्हणून काकांच्या 'डिड नॉट टोल्ड'वरचा तास पूर्ण सांगते.

पहिली दहा मिनिटं फक्त विचारा: काल काय करायचं राहून गेलं? औषध घेतलं नाही, बिल भरलं नाही, आईला फोन केला नाही. येतील तशी इंग्रजी वाक्यं फळ्यावर लिहा, चुकांसकट. 'आय डिड नॉट पेड', 'आय नॉट कॉल', 'आय डोन्ट टूक'. कुणाचं कुठलं ते लिहायचं नाही.

पुढची पाच मिनिटं मराठीची. 'तू जातोस.' याचा नकार? 'तू जात नाहीस.' आता विचारा, 'जातोस'मधला 'स' कुठे गेला? 'नाही'ला जाऊन चिकटला. वर्गात इथे एक छान शांतता पसरते, कारण आयुष्यभर बोलत असूनही हे कुणी पाहिलेलं नसतं. इंग्रजी नेमकं हेच करतं: 'शी गोज'चा 'स' उडी मारून 'डज'मध्ये जातो, 'शी डज नॉट गो'. मग भूतकाळ घ्या. 'तू गेलास', 'तू गेला नाहीस'. 'स' इथेही 'नाही'कडे गेला, पण 'गेला' तसाच राहिला. भूतकाळ मराठीत क्रियापदाने सोडला नाही. इंग्रजीत तोही उडी मारतो आणि 'डिड'मध्ये जाऊन बसतो, मागे उरतं साधं 'गो'. एका वाक्यात भूतकाळ एकदाच. 'डिड'ने घेतला की बाकीच्यांनी घ्यायचा नाही.

आता फळ्यावरची वाक्यं त्यांनाच दुरुस्त करू द्या. तुम्ही खडू त्यांच्या हातात देऊन मागे बसा.

मग वीस मिनिटं जोड्या. समोरच्याने काल न केलेल्या पाच गोष्टी प्रश्न विचारून शोधायच्या. 'डिड यू वॉच टीव्ही?' 'डिड यू ईट फिश?' प्रश्न आणि नकार दोन्ही आपसूक घासले जातात. प्रश्नासाठी एवढंच सांगा की आपण शेवटी 'का' लावतो, ते 'डिड' उचलून पुढे ठेवतात. तुम्ही फिरत राहा, कान देऊन. ही वेळ मोबाइल बघायची नाही, अर्ध्याहून अधिक शिकवणं इथेच होतं.

उरलेल्या वेळात प्रत्येकाने तीन खरी वाक्यं वहीत लिहायची. 'खरी' हा शब्द महत्त्वाचा. 'राम डिड नॉट ईट मँगो' कुणाच्या लक्षात राहत नाही. 'आय डिड नॉट कॉल माय सिस्टर' राहतं, कारण फोन खरंच राहिलेला असतो.

या तासात अनियमित क्रियापदांची यादी काढायची नाही. उलट त्यांना सांगा की 'टॉट', 'ब्रॉट', 'कॉट' आठवत नसलं तरी 'डिड'च्या आधाराने प्रश्नही विचारता येतो आणि नकारही देता येतो. अर्धं भूतकाळाचं ओझं तिथेच उतरतं.

गेलो, गेलो आहे, गेलो होतो

मराठीत परफेक्ट टेन्स नाही असं अनेक शिक्षक सांगतात. आहे की! 'मी जेवलोय', 'ती आलीय', 'बिल भरलंय' हे आपण दिवसभर म्हणतो. 'मी जेवलोय' म्हणजे आता वाढू नका. जुन्या कामाचा आजवर लोंबणारा शेपटा. 'आय हॅव ईटन'चा अर्थ तोच. अडचण अशी की आपल्या आणि त्यांच्या हद्दी जुळत नाहीत.

पहिली हद्द: मराठीत 'मी काल त्याला भेटलोय' चालून जातं. इंग्रजीत 'यस्टरडे' किंवा '२०१९ साली' असा मागचा ठराविक वेळ आला की 'हॅव' बाहेर.

दुसरी, आणि जास्त त्रासाची: 'काल मी मुंबईला गेलो होतो.' इथे आपण 'होतो' म्हणतो ते फक्त जाऊन आलो हे सांगायला. विद्यार्थी त्याचं 'आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे' करतो, आणि सरकारी पत्रांपासून वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींपर्यंत हे 'हॅड' सगळीकडे दिसतं. उपाय म्हणून एकच प्रश्न शिकवा: कशाच्या आधी? 'आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी गेली होती.' गाडी कशाच्या आधी गेली? आमच्या पोचण्याच्या. म्हणून 'द ट्रेन हॅड लेफ्ट'. 'मुंबईला गेलो होतो' हे कशाच्या आधी? कशाच्याच नाही. मग 'आय वेंट'. फळ्यावर आडवी रेघ ओढून दोन टिंबं काढा. एकच टिंब सापडलं तर 'हॅड' नाही.

तिसरी म्हणजे 'पासून'. 'दोन वर्षांपासून इथे राहतोय' आणि '२०२२ पासून इथे राहतोय', दोन्हीला आपला एकच प्रत्यय. म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' तयार होतं, ज्यात दोन चुका आहेत. मी कॅलेंडर समोर धरते. ज्यावर बोट ठेवता येतं ते 'सिन्स': २०२२, सोमवार, दिवाळी. जे दोन हात पसरून मापता येतं ते 'फॉर': दोन वर्षं, तीन तास. आणि 'राहतोय'चं 'ॲम लिव्हिंग' न होता 'हॅव बीन लिव्हिंग' होतं, कारण तो शेपटा मागून आजपर्यंत आलेला आहे. हे पटायला दोन-तीन तास लागतात, घाई करू नका.

शेवटी येणारी 'तर'ची वाक्यंही अशीच मराठीतून उरकता येतात. विद्यार्थी 'इफ इट विल रेन' म्हणतो, आणि दुसरा कुणी हसतो. त्यांना मराठी दाखवा: 'पाऊस आला तर मॅच होणार नाही.' पाऊस अजून यायचाय, पण आपण 'आला' म्हणतो! भविष्यासाठी आपण भूतकाळ वापरतो, ते वर्तमानकाळ वापरतात: 'इफ इट रेन्स'. इंग्रजी विक्षिप्त आहे ही तक्रार त्यानंतर बंद होते.

'अ' आणि 'द': रोज पाच मिनिटं

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून दहा नियमांचा कागद वाटायचा मोह होतो. वाटू नका. त्याऐवजी दोन वाक्यं द्या. 'मी डॉक्टर शोधतोय' आणि 'मी डॉक्टरांना शोधतोय'. पहिल्यात कुणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात ठराविक, दोघांना माहीत असलेले. तो फरक आपण 'ना' लावून करतो, इंग्रजी 'अ डॉक्टर' आणि 'द डॉक्टर' म्हणून करतं. सगळ्या वाक्यांना ही कसोटी लागू पडत नाही, पण जाणीव मात्र मराठीतूनच जागी होते.

'अ' की 'ॲन' यासाठी स्पेलिंगकडे बघूच नका. शब्द देवनागरीत लिहा. स्वराने सुरू झाला तर 'ॲन': ॲन अवर, ॲन एमबीए, ॲन एसबीआय अकाउंट. व्यंजनाने सुरू झाला तर 'अ': अ युनिव्हर्सिटी, अ वन-रुपी कॉइन. 'अवर'मधला मुका 'एच' आणि 'युनिव्हर्सिटी'मधला फसवा 'यू' यांची भानगडच राहत नाही. आपल्या लिपीचा असा उपयोग इंग्रजी माध्यमातल्या शिक्षकांना सुचत नाही, हा आपला फायदा.

भूतकाळाच्या 'ईडी'चंही तसंच. 'वर्केड', 'कॉलेड' म्हणणाऱ्याला देवनागरीत लिहून दाखवा: वर्क्ट, कॉल्ड, वाँटिड. मूळ शब्द ट किंवा ड या आवाजाने संपला तर 'इड'. क, प, स, श, च, फ अशा कठोर आवाजाने संपला तर 'ट'. बाकी सगळीकडे 'ड'. कठोर आणि मृदू व्यंजनं त्यांनी शाळेत मराठी व्याकरणातच शिकलेली असतात.

लहानसहान गोष्टी पटकन. 'साहेब आलेत' हा आदर इंग्रजीत नाही, म्हणून 'माय फादर आर' नको, 'माय फादर इज'. 'त्याला सांगितलं'मधल्या 'ला'मुळे 'टोल्ड टू हिम' होतं आणि 'तिच्याशी'मुळे 'मॅरीड विथ हर'. दोन्ही ठिकाणी मधला शब्द गाळा. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नाही. घड्याळाला 'ॲट', वाराला 'ऑन', महिन्याला आणि वर्षाला 'इन'. 'आय लिव्ह इन पुणे ओन्ली'मधलं 'ओन्ली' म्हणजे आपला 'च'. ते मी हसून सोडून देते.

चूक कशी दाखवायची

मोठ्या माणसाचा मान हा वर्गातला सर्वात नाजूक पदार्थ. एकाच बाकावर साहेब आणि त्यांच्याच हाताखालचा मुलगा असू शकतो. एखाद्या ताईला घरी तिची दुसरीतली मुलगी 'मम्मी, राँग' म्हणत असते. 'चूक!' हा शब्द वर्गातून काढूनच टाका. पंचविशीतल्या शिक्षकाने पन्नाशीतल्या विद्यार्थ्याला 'तुम्ही' म्हणायचं हे सांगायला नको. पण वीस वर्षांच्या पोरालाही 'तुम्ही' म्हणून पाहा, तो ताठ बसतो.

आपण सगळेच नकळत एक करतो: विद्यार्थी 'ही गो यस्टरडे' म्हणाला की आपण 'येस, ही वेंट यस्टरडे' असं बरोबर करून पुढे जातो. लिस्टर आणि रांटा यांनी १९९७ साली कॅनडातल्या फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांचं निरीक्षण केलं. शिक्षक हीच पद्धत सर्वाधिक वापरत होते, आणि विद्यार्थी तिच्याकडेच सर्वात कमी लक्ष देत होते. माणसाला वाटतं, आपल्याला दुजोरा मिळाला. त्यापेक्षा वाक्य त्याच्याकडेच परत द्या आणि थांबा.

मी बोटं वापरते. वाक्यातला एकेक शब्द एकेका बोटावर, आणि चुकलेल्या बोटावर दुसऱ्या हाताने हलकेच टिचकी.

'आय डिड नॉट पेड द बिल,' काका म्हणाले. मी चौथं बोट धरलं.

'काका, भूतकाळ कुणी घेतलाय?'

'डिडने... हां. पे. डिड नॉट पे.'

'झालं.'

यात तीन-चार सेकंद शांत राहावं लागतं. नव्या शिक्षकाला ती शांतता खायला उठते. मनात पाच आकडे मोजा.

कुणी रंगून गोष्ट सांगत असेल तर मध्ये अजिबात अडवू नका. चिठ्ठीवर टिपा, तास संपताना पाच वाक्यं नावं न लिहिता फळ्यावर काढा. त्यात एक बरोबर वाक्यही मिसळा, म्हणजे वर्ग डोळे उघडे ठेवतो.

मराठी किती बोलायचं

यावर शिक्षकांत भांडणं होतात. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरच्या एका प्रकल्पात नियम न सांगता केवळ कामं देऊन इंग्रजी शिकवून पाहिलं: रेल्वेचं वेळापत्रक वाचा, नकाशावरून वाट काढा. कामं देण्याची कल्पना मी उचलली आहे. फक्त त्यांच्यासमोर शाळेतली मुलं होती. प्रौढ माणूस नियम मागतो, आणि नाही दिला तर त्याला आपण फसलो असं वाटतं. म्हणून नियम मराठीत, पाच मिनिटांच्या आत, आणि सराव पूर्ण इंग्रजीत. तुमचं मराठी स्पष्टीकरण पाच मिनिटांवर गेलं, तर समजा की तुम्ही दोन धडे एकत्र घेतलेत.

कामासाठी साहित्य विकत आणायची गरज नाही. विजेचं बिल, शाळेची नोटीस, औषधाची पट्टी, रजेचा अर्ज, मेडिक्लेमचा फॉर्म. नर्सताईंनी आणलेल्या ड्यूटी चार्टवर आमचे तीन तास गेले.

गळती, शिफ्ट आणि न येणारी उत्तरं

लग्नसराईत वर्ग अर्धा होईल, गणपतीत रिकामा. शिफ्ट बदलली की माणूस आठवडाभर गायब. म्हणून प्रत्येक तास स्वतंत्रपणे उभा राहील असा आखा, 'मागच्या वेळी आपण पाहिलं' यावर इमारत बांधू नका. गृहपाठ लेखी देऊ नका, कुणी करत नाही. व्हॉट्सॲपवर तीस सेकंदांचा आवाज पाठवायला सांगा, बसमध्येही होतो. उत्तर मात्र प्रत्येकाला द्या, एका ओळीचं का होईना.

आणि असा प्रश्न येणारच ज्याचं उत्तर तुम्हाला येत नाही. त्या वेळी 'हा अपवाद आहे' असं ठोकून देऊ नका, मी दिलंय आणि पुढच्या तासाला मागे घ्यावं लागलंय. 'बघून उद्या सांगते' म्हणा, वहीत लिहा, आणि उद्या विचारायच्या आधी सांगा. विद्यार्थ्यांसाठी केलेला चांगला इंग्रजी शब्दकोश जवळ ठेवा. कोणत्या क्रियापदानंतर काय येतं हे त्यात उदाहरणांसकट असतं.

आठवड्याला तीन तास धरले तर बारा आठवड्यांत छत्तीस तास होतात. माझे ते असे वाटले जातात: पहिले दोन आठवडे 'मला' आणि 'आहे', पुढचे दोन 'डू' आणि 'डिड', तीन आठवडे कालच्या आणि लहानपणीच्या गोष्टी, दोन 'हॅव' आणि 'पासून', एक छोट्या शब्दांचा, आणि शेवटचे दोन 'तर', 'विल', फोनवरची बोलणी. कमी पडले तर गोष्टींचे आठवडे कापू नका, शेवटचे कापा.

बाराव्या आठवड्यात पहिल्या दिवसांतलं रेकॉर्डिंग ऐकवते, ज्याचं त्याला, हेडफोनवर. काकांनी स्वतःचं ऐकताना दोन ठिकाणी बोट वर करून टिचकी मारली. नंतर मुलीबद्दल नवं रेकॉर्डिंग केलं, तीन मिनिटं सलग, 'डिड' सगळीकडे जागच्या जागी. सुरुवात मात्र होती 'माय डॉटर लिव्ह इन नाशिक' अशी. 'लिव्ह'ला 'स' नव्हता. मी काही बोलले नाही.